इथेल मामंजींचा तांबडा कोंबडा

त्या दिवशी मी चादरी गोळा करायला निघाले होते, एवढंच. प्लास गेलिनच्या हवेलीत मी कपडे धुण्याच्या कामाला होते. बागेमागचा कोंबड्यांच्या झुंजीचा जुना आखाडा कपडे वाळत घालायला फार सोयीचा. गोल खड्डा, भोवती बसायला गवताच्या पायऱ्या. झुंजींवर बंदी येऊन साठेक वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी हवेलीचे साहेब तो खड्डा बुजवून गुलाब लावणार होते.

दुपार कलत आली होती. आमच्या वेल्समध्ये धुकं उतरतं ते मेंढरांसारखं, चरत चरत. काठाशी पोचले आणि ओल्या पिसांचा वास आला.

खाली मधोमध माझे सासरे उभे होते. इथेल मामंजी, वय ऐंशी. हात छातीशी, काहीतरी कवटाळल्यासारखे.

“मामंजी! इथं काय करताय? चहा गार होतोय.”

“हळू बोल, मॉर्विथ...” ते कुजबुजले. “सगळे बसलेत.”

पायऱ्यांवर नुसतं धुकं होतं. पण ते श्वास घेत होतं. मधेच कुणीतरी खोकला दाबावा तसा आवाज येई.

“अठराचा होतो मी,” मामंजी म्हणाले. “शेवटची झुंज. माझ्या तांबड्याचा डोळा गेलेला, मान ठरत नव्हती. सगळे ओरडत होते, सोड, पुन्हा सोड! मी सोडलाच नाही. कोटात घातला नि पळालो. आठ वर्षं जगला माझ्यापाशी. पण झुंज... संपलीच नाही गं. मग हे उठणार कसे?”

“म्हणून आलात?”

“उद्या बुजवतायत. त्याआधी सांगायला हवं... पण शब्दच फुटेना.”

भीती वाटायला हवी होती. आला तो राग. मी त्यांचा दंड धरला आणि चुलीभोवती रेंगाळणाऱ्यांना हाकलावं तशी धुक्यावर ओरडले, “ऐकलंत का? कोंबडा कधीच मेला. झुंज मोडली. उठा, घरी जा! बायका वाट बघतायत.”

 मग खूप माणसांनी एकदम बैठक बदलावी तशी सळसळ झाली. मामंजींचे हात अलगद सुटले. रडता रडता ते हसले. घरी येऊन दोन वाडगे मटणाचं सूप प्यायले आणि लेकरासारखे झोपले.

सकाळी हट्टाने माझ्याबरोबर आखाड्यावर आले. मजूर फावडी टाकून काठावर उभे. कुणी खाली उतरेना.

दवाने सगळी कुरणं पांढरी झाली होती. पण आखाड्याच्या पायऱ्यांवर, ओळीमागून ओळ, गवत कोरडं होतं. माणूस बसेल एवढा एकेक तुकडा, एकाला एक लागून. एका मजुराने वाकून वरच्या पायरीला हात लावला.

“गरम आहे...” तो म्हणाला.

मामंजींनी माझी बोटं घट्ट धरली. ते पुढच्या ओळीकडे बघत होते. तिथे, अगदी मधोमध, दोनच जागा दवाने भिजलेल्या होत्या. शेजारी शेजारी, कुणा दोघांसाठी राखून ठेवल्यासारख्या.