चावरी ताटी

"कुठं झिणझिण्या आल्या तर लगेच सांगायचं हं, प्रेमिला! लपवायचं नाही," सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मनोहरमामाने बजावलं होतं.

"हो मामा!" म्हणत प्रेमिलाने ते वाऱ्यावर सोडून दिलं.

झिणझिण्या तर रोजच येत होत्या! मामाने घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला हळूच बोट लावलं, की मुंग्यांची रांग मनगटापर्यंत चढायची. पण सांगितलं असतं तर मामाने खोलीत पाऊल ठेवू दिलं असतं का? मग तारा जोडायला डाक देताना वितळलेल्या कथलाचा चमचमता थेंब कोण बघणार?

महाल पेठेतल्या मामाच्या घरची ती दुपारची खोली तिला स्वप्नातली वाटे. बाहेर मे महिन्याचं ऊन रखरखत असायचं. आत, खिडकीला वाळ्याची ओली ताटी, तिचा मातकट गारवा, आणि अंधारात मंद नारिंगी उजळलेले अ‍ॅम्प्लिफायरचे चार काचेचे व्हॉल्व्ह. जणू काचेच्या घरांत निरांजनं लावून कुणी झोपी गेलंय! कर्ण्यातून मात्र सारखी घूंऽऽ घूंऽऽ! आज संध्याकाळी साऱ्या गल्लीला गाणं ऐकवायचं होतं आणि ही घरघर काही जाईना.

कडेवर धाकट्या, एक वर्षाच्या भैयाजीला घेऊन जिजामामी बादलीसह आली. या भैयाजींना ताटीवरचे थेंब चाटायचं भारी वेड! मामीने त्याला खाली ठेवलं, ताटीवर पाणी मारलं, ती सरळ करायला हात लावला आणि किंचाळली, "अगं बाई! चावली वं मले!"

"ताटी म्हणजे काय कुत्रं आहे का, वहिनी?" शेजारचे चंपतकाका खदखदून हसले. "उन्हानं डोकं फिरून राहिलं तुमचं!"

"तुमचंच फिरलं! कालबी चावली होती!"

मामा हसला. मामीचा थोरला, अकरा वर्षांचा केशव, तोही हसला. प्रेमिलाने मात्र कान टवकारले. पाणी पडताच घूंऽऽ एकदम मंदावलं होतं!

जेवणं झाली. मामा ओसरीवर आडवा झाला, काका तर कधीच घोरू लागले. मामी भैयाजीला थोपटायला माजघरात गेली.

"केशव, ऐक. ताटी वाळली की पेटी कशी गुरगुरते!"

"भूक लागली असंल तिले!"

"आता पाणी मार. हात लावू नकोस, लांबूनच!"

केशवने तांब्याभर पाणी फेकलं. घरघर विरली.

"आईशप्पथ! जादू वं!"

"जादू कसली? मामीला चावतं आणि मला पेटीला झिणझिणतं, ते एकच आहे!"

प्रेमिला नजरेनेच पेटीपासूनची उघडी तांब्याची तार पकडून चालली. पेटीत चुकून वीज पाझरली, तर याच तारेने ती अंगणातल्या खड्ड्यात, मातीत जिरायची. पण तार खिडकीपर्यंतच गेली होती. तिथे ती ताटीच्या कामट्यांना करकचून बांधलेली!

"म्हणजे ताटी ओली झाली, की पेटीतली सगळी वीज तिच्यातून..."

"ताऽ ताऽ!"

मामीचा डोळा लागताच मागून भैयाजी रांगत आले होते! गार थेंबांकडे हात पसरून, जीभ बाहेर काढून! ताटी वीतभर राहिली...

"केशव, धर त्याला!" प्रेमिलाने धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. केशवने भावाचा पाय पकडून त्याला मागे ओढलं. भैयाजींनी भोकाड पसरलं. नारिंगी उजेड सावकाश, झोप आल्यासारखा विझत गेला.

घर जागं झालं. प्रेमिलाने ताटीला बांधलेली तार दाखवून मामाला सारं सांगितलं.

"पोरांच्या गप्पा! तारेले कोण हात लावते?" काका म्हणाले.

केशवने डोळे मोठे केले. "काका, गाठ मात्र जबरदस्त आहे हं! अशी कोणाले येते?"

"कोणाले येईल? आमच्या कुही गावची बैल बांधायची गाठ आहे ही! तार लोंबून राहिली होती, कापली नि..." काकांनी जीभ चावली.

मामा तडक पेटीकडे गेला. त्याने पेटी उघडली. आत घासून उघडी पडलेली एक तार पत्र्याला टेकत होती. ती त्याने नीट गुंडाळली, नवी तार खड्ड्यापर्यंत नेली, आणि माती ओली राहावी म्हणून खड्ड्यात रोज पाणी ओतायचं काम काकांना दिलं!

"मामा, मलाही रोज झिणझिणायचं," प्रेमिला पुटपुटली. "मी बोलले नाही."

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आज बोललीस, म्हणून माझं लेकरू वाचलं."

"माह्या म्हणण्यावर समदे हसले," मामी डोळे पुसत म्हणाली, "या पोरीनं तेवढं ऐकलं!"

संध्याकाळी लाखेचं पॉलिश दिलेल्या सागवानी खोक्यात बसवलेली पेटी चमकत होती. तबकडी फिरली, आणि घरघरीचा लवलेश नसलेली सनई गल्लीवर तरंगू लागली. प्रेमिलाच्या पापण्या जडावल्या, तरी मधूनच ती दचकून बघायची: भैयाजी कुठं आहेत? मामीच्या मांडीवर, ओठ मुडपून गाढ झोपलेले.

तुमच्याही घरी असं कुणी रांगणारं असेलच. पुस्तक पालथं ठेवा, आणि ते या क्षणी कुठं आहे, आधी बघून या बरं!