तुणीच्या चार फळ्या

पाटणच्या वखारीत एक माणूस सागाच्या फळीला कान लावून उभा होता. बोटाच्या पेरानं टकटक करायचा, डोळे मिटायचा आणि पुढच्या फळीकडे सरकायचा.

"ताई," ज्ञानू करवत थांबवून म्हणाला, "ह्यो पावना लाकडाची छाती तपासतुया. डागदर हाय का काय?"

राजेश्वरी टेबलामागून उठली. तिचे वडील, आबा, गेल्यापासून तीन वर्षं वखार ती एकटीच बघत होती. छत्तिसावं सरत आलेलं. गिऱ्हाइकं यायची ती दारं-चौकटींची मापं घेऊन. लाकडाचं ऐकायला आजवर कुणी आलं नव्हतं.

त्याचं नाव अनंत. सांगलीत तो लोकांच्या गिटारी दुरुस्त करायचा. आता पहिल्यांदाच स्वतःसाठी एक घडवणार होता. इलेक्ट्रिक.

"मग कुठलंही लाकूड चालेल की," ती म्हणाली. "वाजणार तर करंटवरच."

"करंट नुसता आवाज मोठा करतो. पण आधी आतून काहीतरी वाजायला हवं ना..."

तिनं उगाचच पावतीपुस्तक सरळ केलं.

चहावाला अजूनही दोन कप ठेवून जायचा, एक तिचा, एक आबांचा. नको म्हणून सांगायला तिची जीभ कधी रेटलीच नव्हती. आबांचा कप साय धरून निवायचा. त्या पहिल्या शनिवारी अनंतनं तो न विचारता उचलला आणि संपवला. रिकाम्या कपाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

त्याच दिवशी त्यानं गिटारीच्या बोटांखालच्या पट्टीला शिसव निवडलं, दुसऱ्या शनिवारी मानेला साग. धडाला मात्र लाकूड मिळेना. फणस त्याला बसका वाटला, आंबा मुका. लाकडं नाकारायची त्याची तऱ्हा अशी, की वरपित्यांनी शिकावी, असं ती म्हणाली, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या शनिवारी त्यानं कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला सारलं. खाली तुणीच्या चार तांबूस फळ्या होत्या. त्यानं टकटक केलं... आणि फळी घुमली.

"त्या विकायच्या नाहीत," राजेश्वरी म्हणाली. आवाज नको तेवढा कडक आला.

ती आत गेल्यावर ज्ञानूनं सांगून टाकलं. आबांनी लेकीच्या लग्नातल्या पलंगासाठी त्या फळ्या वाळत घातल्या होत्या. त्याला सोळा वर्षं झाली. अनंतनं गोणपाट होतं तसं पांघरलं आणि गुपचूप निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. दोन्ही कप निवले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे वखार बंद. तो दिवस तिला एरवीही संपता संपत नसे.

सोमवारी तिनंच फोन लावला. "फळी घेऊन जा. इथं पडून तिला काय पालवी फुटणार आहे?" हसत म्हणाली खरी, पण फोन ठेवून ती त्या फळ्यांपाशी जाऊन उभी राहिली. फळी दिली म्हणजे पलंगाचा विषय संपला.

शनिवारी ज्ञानूनं करवत चालवली. सोळा वर्षं वाळलेल्या लाकडाचा वास वखारभर पसरला. अनंतनं एकाच फळीतला हातभर तुकडा घेतला.

"उरलेलंही न्या," ती भुशाकडे बघत म्हणाली. "आता काय करायचंय त्याचं?"

त्यानं गोणपाट झटकलं, उरलेल्या फळ्यांवर घातलं, कोपरे नीट खोचले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "राहू द्या. पलंगाला एक फळी कमी पडेल... ती मी आणीन म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

ज्ञानूला एकाएकी बाहेर काम निघालं.

राजेश्वरीनं चहाचा दुसरा कप त्याच्यापुढे सरकवला. बोटं कपावरून काढायची राहिली.

"आधी माप घ्यायला यावं लागेल," ती म्हणाली.

"येतो की. पुढच्या शनिवारी?"

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "वखार बंद असते... मी असते."