जाळीमागचा पुठ्ठा

दार लोटून घे रे. कडी नको, नुसतं लोट. दिवे गेलेत तर जाऊ देत. आणि ते मोबाइल खिशात घाला, उजेड डोळ्यांत जातो. धुकं उतरेपर्यंत एकही गाडी सोडायची नाही असा निरोप आलाय, म्हणजे पहाटेपर्यंत आपण सगळे इथेच. झोपायचं असेल त्याने झोपा. बाकीच्यांनी जवळ सरका, मला ओरडून बोलवत नाही.

मघाशी कोण म्हणत होतं, की तात्या गाडी सोडण्याआधी बॉनेट उघडून असे वाकतात, जसं काही स्थळच बघायला आलेत? ऐकलं मी. हसा. तुम्हाला वाटतं गाडी चालू झाली म्हणजे चालवायची, एवढंच. समोर इंजिनाचा ताप दाखवणारा काटा असतो, तो तुमच्या खिजगणतीतही नाही. तर आज त्या काट्याचीच गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस वर्षानुवर्षं माझ्या गॅरेजात गाडी घेऊन यायचा, आणि हे सगळं त्याने मला भर दुपारी सांगितलंय, चहा हातात धरून.

दोघे भाऊ होते. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणायचो. दोघांत मिळून एक पिकअप. फरशा, सिमेंट, लोकांचं घरसामान, मिळेल ते वाहायचे. वाटणी अशी, की स्टिअरिंग थोरल्याचं आणि केबिनच्या बाहेरचं सगळं धाकट्याचं. पाणी, हवा, दोर, चाकामागचा दगड, सगळं. थोरला एकदा सीटवर बसला की मुक्कामालाच उतरायचा. आम्ही विचारायचो, तुझे पाय जमिनीला लागतात की नाही रे? तो नुसता हसायचा.

आता थंडीत काय करतात ते ऐका. पहाटे इंजिन लवकर गरम होत नाही, म्हणून पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या तोंडावर, एक पुठ्ठा खोचतात. वारा अडतो, इंजिन चटकन तापतं. सपाटीला चालून जातं. पण घाट लागायच्या आत तो पुठ्ठा काढावाच लागतो, नाहीतर चढावर इंजिन गुदमरतं. हे दोघे पायथ्याशी आले, की धाकटा डॅशबोर्डवर बोटांनी टकटक करायचा. तोंडाने बोलायचा नाही. थोरला गाडी बाजूला घ्यायचा, धाकटा उतरून पुठ्ठा काढायचा, की निघाले पुढे. कित्येक हिवाळे असेच गेले. थोरल्याने तो पुठ्ठा जन्मात एकदाही काढलेला नव्हता.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता धाकटा गेला. अपघात नाही, काही नाही. ताप आला, डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत माणूस संपला. मागे बायको आणि नुकती शाळेत जायला लागलेली मुलगी. तिला सगळे चिमी म्हणायचे.

थोरल्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळ्यांना वाटलं, बाबा खंबीर आहे. कसला खंबीर! बधिर झाला होता नुसता. उकळता चहा तोंडाला लावायचा, जीभ पोळली तरी याला पत्ता नाही. त्याच्या बायकोने विचारलं, जेवलात का, तर याला आठवायचं नाही. माझ्याकडे गाडी आणायचा, गाडीत काय बिघडलंय ते सांगायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. एकदा त्याच्या बोटावर पाना पडला, नख काळंनिळं झालं. माझ्याच जिवाचं पाणी झालं. हा म्हणतो, असू दे.

चिमीकडे तर तो बघायचाच नाही. तिचं कपाळ आणि कान थेट बापावर गेलेले. ती खोलीत आली की हा उठून बाहेर. धाकट्याच्या बायकोने त्याचा वेगळाच अर्थ लावला. तिला वाटलं, आपण दोघी यांना जड झालोय. एक दिवस ती म्हणाली, "भाऊजी, आम्हाला माझ्या माहेरी नेऊन सोडा. कायमचं."

हा म्हणाला, "बरं."

एवढंच. खरं सांगायचं तर त्या दोघी गेल्या असत्या की धाकट्याचं या घरात काही उरलं नसतं, आणि थोरलाही पुरता गेला असता. पण ते त्याला कोण सांगणार? तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही.

जानेवारीतला दुसरा शनिवार, अमावास्या. दिवसभर सपाटीला फरशांच्या खेपा करून हा संध्याकाळी घरी आला. मागे सामान चढवलं. एक कपाट, शिलाई मशीन, चिमीची छोटी सायकल. तिचं माहेर घाटापलीकडे. जेवणं उरकून निघाले तेव्हा अकरा वाजून गेले असतील. स्टिअरिंगवर हा, मध्ये चिमी झोपलेली, खिडकीशी तिची आई.

घाटाचा पायथा आला.

टकटक झाली.

काय म्हणालास? दचकला का? नाही ना. तीच तर गंमत आहे. भाऊ गेल्यापासून त्याला ती टकटक सारखी ऐकू यायची म्हणे. पंपावर, सिग्नलला, कुठेही. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सवयीने कानात वाजतं, असं त्याने धरून टाकलं होतं. भीती वाटायला तरी आत काही जागं असावं लागतं.

पण या खेपेला धाकट्याची बायको सरळ होऊन बसली.

"भाऊजी, काही वाजलं का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही," म्हणाला आणि गाडी चढावर घातली. जाळीमागे पुठ्ठा तसाच. पहाटे त्यानेच खोचला होता, इतर ड्रायव्हर खोचत होते म्हणून. खोचायचं लक्षात राहिलं. काढायचं त्याच्या डोक्यातच नव्हतं, ते त्याचं काम कधी नव्हतंच.

दोन वळणं झाली. बाहेर धुकं इतकं, की दिव्यांचा उजेड समोरच अडून बसत होता. ती म्हणाली, "भाऊजी, हीटर कशाला लावलात? चिमी घामाघूम झालीय."

हीटर त्याने लावला नव्हता. पाहिलं तर बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. वाऱ्याचा गरम झोत सरळ त्याच्या पायांवर येत होता. त्याला तो जाणवलाही नव्हता. त्याने बटण बंद केलं.

आता तुम्ही ड्रायव्हर आहात, लक्षात घ्या. इंजिन तापायला लागलं आणि लगेच थांबता येत नसेल, तर हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. आपण भाजून निघतो, पण इंजिन तगतं. हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. हे ज्याला ठाऊक आहे असं कुणीतरी ते बटण फिरवत होतं... आणि हा बंद करत होता.

पुढच्या वळणाला हीटर परत लागला. कुणाचा हात हलला नव्हता. चिमी झोपेत. तिच्या आईचे दोन्ही हात चिमीभोवती.

याने परत बंद केला.

मग नाही लागला.

काटा लाल पट्टीला टेकलेला होता. थोरल्याने तो पाहिला. पाहिला, बस्स. वास यायला लागला, तो गोडसर, रेडिएटरचं पाणी उकळल्याचा वास. गाडीचा जोर संपला. बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली तेव्हा कुठे त्याने गाडी कठड्याच्या बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

अंधार. वाफेची फुसफुस. बाकी काही नाही.

ती उतरली आणि न सांगता मागे दगड शोधायला गेली. धाकट्याची बायको ती, चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकामागे दगड लागतो हे तिला कळत होतं. हा पुढे आला. बॉनेट उघडलं. पांढरी वाफ तोंडावर आली. खिशातून फडकं काढलं, आणि रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं.

श्वास रोखू नकोस रे, ऐक नीट. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही. आत पाणी दाबून बसलेलं असतं. झाकण जरा सैल झालं की कारंजं उडतं, आणि समोर जो असेल त्याचं तोंड सोलून काढतं. हे थोरल्याला ठाऊक नव्हतं का? होतं. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, "तात्या, मला वाटलं, भाजलं तर भाजलं. निदान कळेल तरी."

तळहात ठेवला. फिरवलं.

फिरेना.

रोज दोन बोटांनी उघडणारं झाकण ते. त्याने जोर लावला. जरासुद्धा हलेना.

मग... त्याच्या हाताच्या पाठीला गार लागलं.

खोल विहिरीतलं पाणी लागावं तसं गार. इतक्या महिन्यांत अंगाला लागलेली ती पहिली गोष्ट. गार, आणि जड. खाली तळहात फडक्यातून पोळत होता, त्याचा वास त्याच्या नाकात जात होता, ते त्याला कळत नव्हतं. वरचं गार तेवढं कळत होतं.

झाकण फिरेना. हात उचलेना.

त्याने पाय रोवले. सगळं अंग त्या हातावर टाकलं.

नाही.

वाफेपलीकडे काही दिसत नव्हतं.

आणि त्याच्या गुडघ्याशी आवाज आला, "मोठेबाबा, इथे छान गरम आहे."

चिमी. झोपेतून उठून, उतरून, बंपरला चिकटून उभी. दोन्ही तळवे रेडिएटरकडे धरलेले. तोंड वर केलेलं... झाकणाच्या अगदी समोर.

हातावरचा भार गेला. तसाच, एकाएकी.

त्याने पोरीला उचललं आणि तो मागे धडपडला तो थेट रस्त्यावर बसला. तिला छातीशी इतकं आवळलं की ती रडायला लागली. तिची आई धावत आली. मग याचा हात पेटला. आत्तापर्यंत न कळलेलं सगळं एकदम कळलं. तो ओरडला, म्हणे. ते ओरडणं फक्त हातासाठी नव्हतं.

बराच वेळ तिघं कठड्याला टेकून बसून होते. चिमी त्याच्या मांडीवर. तिच्या आईने आपली ओढणी पाण्यात भिजवून त्याच्या तळहाताला गुंडाळली. इंजिन टिक् टिक् करत निवत होतं.

"मी झाकण उघडत होतो," तो म्हणाला.

"मला दिसलं. मी हाक मारायला गेले... आवाजच फुटला नाही."

तिने ओढणीची गाठ आवळली.

"भाऊजी, मघाशी पायथ्याशी वाजलं होतं ना?"

"हो."

"ते वाजवायचे, तसंच."

"हो."

तेव्हा तो रडला. हमसून हमसून रडला. चिमी त्याचं तोंड पुसत होती आणि हा तिच्या कपाळाकडे बघून आणखी रडत होता. रडता रडताच उठला, जाळीमागे डावा हात घातला आणि पुठ्ठा ओढून काढला. उन्हात वाळल्यासारखा कडक झाला होता. तो पोटाशी धरून उभा राहिला. मला म्हणाला, "तात्या, त्याचं काम मी त्या रात्री पहिल्यांदा केलं, आणि तो खरंच गेलाय हे मला तेव्हा पटलं."

इंजिन बरंच निवल्यावर झाकण पाहिलं. दोन बोटांनी उघडलं. इंजिन मंद चालू ठेवून हळूहळू पाणी ओतलं, कारण तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर तेही तडकतं. एका हाताने गाडी चालवत तो माथ्यावर आला आणि उतार धरला. खालच्या गिअरमध्ये, बरं का. न्यूट्रलमध्ये सोडली असती तर इंजिनानंतर ब्रेक तापले असते. धाकट्याची बायको मध्ये सरकून त्याच्यासाठी गिअर टाकत होती.

उजाडताना तिच्या माहेरच्या दारात पोचले. तिचा भाऊ सामान उतरवायला पुढे आला, तर ही म्हणाली, "राहू दे दादा. चहा करा सगळ्यांना, आम्हाला परत जायचंय." थोरल्याने डाव्या हाताने चिमीला कडेवर घेतलं. दुपारी तिघंही परत आले, कपाट, मशीन आणि सायकलीसकट. चिमी आता कॉलेजात जाते. त्याच घरातून.

काय? संपली का? थांब.

त्याचा तळहात महिनाभराने बरा झाला. थोडा राठ झालाय, पण चालतो. हाताच्या पाठीचं मात्र तसं नाही. तिथे चार बोटांचे पांढरे वण आहेत. तिथे वाफ लागली नव्हती, काही लागलं नव्हतं. भर उन्हाळ्यात मी त्या वणांवर बोट ठेवून पाहिलंय. गार लागतात.

तेही मी सोडून दिलं असतं. म्हटलं असतं, त्यानेच दुसऱ्या हाताने दाबून धरला असेल. पण त्या बोटांची टोकं त्याच्या मनगटाकडे आहेत. हा बॉनेटपुढे वाकून उभा होता. म्हणजे ज्याने हात दाबला, तो त्याच्या समोर होता. झाकणाच्या पलीकडे.

ते बॉनेट मी किती वेळा उघडलंय. झाकणापलीकडे पंखा आहे, आणि पंख्याला लागून इंजिन. तिथे माणसाला उभं राहायला जागा नाही.