हजर असलेल्यांचं मत

रविवारी दुपारी तीन वाजता वहिनींनी काउंटर पुसून कोरडं केलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि हॉल विकायचा की ठेवायचा याचं मत घ्यायला त्या उभ्या राहिल्या.

लोक त्याला अजून हॉलच म्हणायचे. ओतकाम कारखान्याच्या कामगारांनी स्वतः विटा वाहून तो बांधला होता. सभा, गाणी, भांडणं, दिलजमाई, सगळं तिथंच. कारखाना बंद पडला, कामगार एकेक करून गेले, आणि हॉलचा दारूचा गुत्ता झाला. बाकं मात्र तीच राहिली. नवरा गेल्यावर बारा वर्षं वहिनींनी तो एकटीने चालवला. तो गेला तर जगात आपलं म्हणावं असं काही उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

धाकट्या दिराला तो विकायचा होता. गिऱ्हाईक पाचला येणार होतं. अडचण एकच, भिंतीवरची जुनी पाटी: 'हजर असलेल्यांच्या बहुमताशिवाय हॉल विकू नये.' म्हणून दिराने नेहमीच्या मंडळींपैकी चौघांना समोरच्या नव्या बारमधल्या गार हवेचं आणि भल्यामोठ्या टीव्हीचं गाजर दाखवून ठेवलं होतं.

मत घ्यायची पद्धतही जुनीच. पूर्वी सभेत मालकाचा एखादा चुगलखोर बसलेला असे, म्हणून हात वर करताना सगळ्यांनी डोळे मिटायचे. उघडे फक्त मोजणाऱ्याचे, आणि त्याला मत नाही.

"वहिनी, नीट मोजा बरं का," दीर म्हणाला.

"आधी डोळे मिटा, भावजी. फटीतून बघताय, दिसतंय मला."

सगळे हसले आणि नऊच्या नऊ जणांनी डोळे मिटले. विकायच्या बाजूने पाच हात आले. उरले किती, हे शेंबडं पोरही सांगेल.

"आता... ठेवायच्या बाजूने."

चार हात वर झाले. मग मागच्या रिकाम्या बाकांकडून जळक्या रेतीचा, तापल्या लोखंडाचा वास आला आणि पाचवा हात वर आला. बाकावर स्वच्छ ऊन होतं, बसलेलं कोणी नव्हतं. नुसता हात, काळा, भाजल्याच्या डागांचा. मग सहावा. आठवा तर त्यांच्या नवऱ्याचाच, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेला. वहिनींना घाबरायचं सुचलंच नाही. घरचं कार्य असावं आणि सगळे न बोलावता यावेत, तसा त्यांना आनंद झाला. डोळे पुसत त्यांनी मोजणी पुरी केली.

"अठरा."

दिराने डोळे उघडले. "वहिनी, नऊ माणसांत अठरा?"

कारखान्यात साचे बनवणारे साचेकाका, वय नव्वद, डोळे मिटूनच म्हणाले, "पाटीवर 'हजर' लिहिलंय. 'जिवंत' कुठं लिहिलंय?"

हशा पिकला. दीर चिडला. "बसा तुम्ही. मी मोजतो."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले, हात उंच केला. आता त्यांनाही मत होतं.

"एक... दोन..." दिराचा आवाज तोऱ्यात होता. पाचला तो अडखळला. आठला थांबला. "दादा..." तो पुटपुटला, आणि लहान पोरासारखं हसूही लागला, रडूही लागला. "नाही विकत रे दादा. नाही विकत."

वहिनींना उठून नाचावंसं वाटलं. हॉल राहिला होता.

"अठरा... तुम्हाला धरून एकोणीस," दीर म्हणाला. मग त्याने पुन्हा एकदा मोजून पाहिलं. "वहिनी... एकाने दोन्ही हात वर केले तर मोजायचं कसं?"

"एकच धरायचं. कोण आहे असा हौशी?"

"ओळखीचा नाही... तुमच्या पाठीमागचा. हात विटांसारखे लाल, खरबरीत."

वहिनींच्या पाठीमागे भिंत होती.

"हात... खाली," दीर कसाबसा म्हणाला.

सगळ्यांचे हात खाली आले. ते दोनही आले, आणि अलगद वहिनींच्या खांद्यांवर टेकले.