नॉक्टिस्पेक्टरचा अर्थ

"बाई, पाकीट उघडलंय कुणीतरी!"

भावनानं क्लासच्या कपाटातलं पाकीट धम्मदिनाबाईंच्या हातात ठेवलं. पाकिटात परीक्षेची उत्तरं होती. कुणीतरी ते सफाईनं उघडून पुन्हा चिकटवलं होतं. बाईंना उत्तरं तोंडपाठ, त्यामुळे पेपर तपासताना त्यांनी पाकिटाला हातही लावला नव्हता.

टेमघरच्या त्या माडीवर बाई मुलींना इंग्रजी शिकवत. पद्धत त्यांची स्वतःची. शब्द घोकायचा नाही, तोडायचा. 'सर्कम' म्हणजे भोवती, 'स्पेक्ट' म्हणजे बघणं. मूळ हाती लागलं की अनोळखी शब्दसुद्धा ओळख देतो, असं त्या सांगत.

परीक्षेत पहिली येईल तिला कशेळीच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी मिळणार होती. निकाल लागला होता. करिष्मा पहिली, भावना दुसरी.

"करिष्मानंच उघडलं," भावना म्हणाली. "परीक्षेच्या आदल्या दिवशी ती एकटीच वर आली होती. खाली आक्कांना विचारा."

"अगं ए! डबा राहिला होता माझा!" करिष्मा उसळली. "डबा न्यायलाही परवानगी काढायची का आता?"

करिष्मा म्हणजे तोंडाळ पोरगी. रोज उशिरा यायची, वर बाईंनाच चिडवायची. खरं सांगायचं तर बाईंच्या मनातही पाल चुकचुकली. ही पोरगी पहिली आली तरी कशी?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कापडाचे लूम आठवड्याच्या सुट्टीला बंद, गल्लीला बोलायला वेळच वेळ. सकाळी दुधाला गेलेल्या बाईंना तिघींनी थांबवून विचारलं, "चोरी केली म्हणे तुमच्या करिष्मानं?"

बाई तडक घरमालकीण आक्कांच्या ओटीवर गेल्या. माडीची किल्ली तिथेच खुंटीला असायची.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी किल्ली कोणी नेली, आक्का?"

"करिष्मानं. डबा घेऊन लगेच खाली आली गो."

"आणखी कोणी?"

"कोन न्हाय."

"मग वरचा माठ कोणी भरला?"

"भावनानं! पन ती रोजचीच हाय. तिला काय मोजायची?"

वर जाऊन बाईंनी पेपर पुन्हा काढले आणि एका शब्दाशी थांबल्या. नॉक्टिस्पेक्टर.

बाईंची एक खोड होती. प्रत्येक पेपरात एक शब्द त्या स्वतः घडवून घालत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. 'नॉक्ट' म्हणजे रात्र, 'स्पेक्टर' म्हणजे बघणारा. गेले कित्येक महिने बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्या वैतागातच हा शब्द सुचला होता आणि त्याचं उत्तर लिहिताना त्या स्वतःवरच हसल्या होत्या.

करिष्मानं लिहिलं होतं, 'रात्रभर टकामका बघणारा'. वैशालीनं, 'रात्रपाळीचा वॉचमन'. भावनानं, 'निद्रानाशाचा रोगी'.

बाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"भावना, नॉक्टिस्पेक्टरचा अर्थ कुठे सापडला तुला?"

"डिक्शनरीत, बाई. पाठच केला होता."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी टेबलावरची जाडजूड डिक्शनरी पुढे सरकवली. "काढ."

भावना पानं उलटत राहिली. पुढे गेली, मागे आली.

"सापडणार नाही," बाई म्हणाल्या. "हा शब्द जगात नाही. तो मी घडवलाय. तोडला तर रात्र निघते, बघणारा निघतो. रोग आणि रोगी कुठून निघणार? ते दुखणं माझं, आणि मी ते एकाच ठिकाणी लिहिलं होतं. या पाकिटात."

"पण माझी तर दोन उत्तरं चुकलीयत!" भावना ओरडली. "चोर असते तर पैकीच्या पैकी नसते मिळाले?"

"तिथेच तुझा अतिशहाणपणा नडला. संशय नको म्हणून दोन मुद्दाम चुकवलीस. 'सर्कमस्पेक्ट' अचूक आणि पहिल्या दिवशी शिकवलेला 'स्पेक्टेटर' चूक? असं कधी होतं का गं? त्या दोन उत्तरांमुळे करिष्मा पुढे निघून गेली. मग तुझा जळफळाट झाला आणि आपणच उघडलेलं पाकीट तू आपणच दाखवलंस. रोज माठ भरणाऱ्या मुलीकडे कोण बघतंय, हे तुला ठाऊक होतं."

भावना रडायला लागली. "मला पाठांतर येतं, बाई. तोडणं जमतच नाही. नोकरी माझीच, असं सासरी सांगून बसले होते."

बाईंना तिची कीव आली आणि रागही आला. त्यांनी सगळ्यांदेखत कशेळीला फोन लावला आणि करिष्माचं नाव कळवलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

करिष्मा मात्र हसली नाही.

"काल आईनं विचारलं, चोरलंस ना?" ती कशीबशी म्हणाली. "मी तिच्या गळ्याची शपथ घेतली, बाई. तरी नाही विश्वास बसला तिचा."

काल बाईंनी तरी तिच्यावर विश्वास कुठे ठेवला होता? त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चल, मी येते. भावना, तूही ऊठ. तिच्या आईसमोर तुझ्याच तोंडून बोलायचं."

भावना जागची हलेना. शेवटी करिष्मानंच तिच्या मनगटाला धरून तिला उठवलं.

"चल ना गं," ती म्हणाली. "माझ्या बोलण्यावर नाही, निदान तुझ्या बोलण्यावर तरी विश्वास बसेल तिचा."