शांत लयवाहक

पडद्यावरची कॉर्टिसॉलची रेषा पुन्हा खाली आली, तेव्हा डॉ. इरावती गोगटे यांनी कपाळाला हात लावला. मिरजेजवळच्या त्या अंतःस्राव प्रयोगशाळेत दोन वर्षं त्या ही रेषा पाहत होत्या, पण तिची अशी धास्ती त्यांना कधी वाटली नव्हती. काचेपलीकडे सव्वीस वर्षांची पद्मजा उगारे न्यूमोनियाच्या तापाने फणफणली होती आणि तिचा रक्तदाब सकाळपासून घसरत होता.

"सरळ कॉर्टिसॉल टोचा ना," तातडीने बोलावलेले छातीचे डॉक्टर सामंत म्हणाले.

"तिच्या पेशी ते ओळखत नाहीत. आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ताणात वाढणारं हे संप्रेरक एकदम ओतत नाहीत, लयीत थोडं थोडं सोडतात. हिच्या ग्रंथी जळून गेल्यात, आणि लय नसेल तर हिला औषध काय नि पाणी काय, सारखंच. यंत्राने तयार केलेली लयही चालली नाही. जिवंत माणसाचीच लागते."

"मग?"

"मग अनुग्रंथी. प्रयोगशाळेत वाढवून आम्ही तिच्या पोटात बसवली. ती स्वतः काही ठरवत नाही. आईच्या दंडात एक संवेदक आहे. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल जसं चढेल-उतरेल, तसंच अनुग्रंथी मुलीला देते. आई तिची लयवाहक."

"पण तापात तर नेहमीच्या कितीतरी पट लागतं."

"तोच तर आमचा हिशेब होता. पोटची पोर अशी पडल्यावर कुठली आई घाबरणार नाही? ती घाबरली की मुलीला मिळणारच."

"मग रेषा खाली का?"

इरावतींकडे उत्तर होतं, पण ते बोलायची लाज वाटत होती. लयवाहक निवडताना आईवडील दोघांना तपासलं होतं. वडील, तात्या, मुलखाचे घाबरट. सुई पाहूनच त्यांना घाम फुटला. आईचा, भारतीबाईंचा, आलेख मात्र संथ आणि सुरेख. तात्यांना नापास करून भारतीबाईंना निवडलं, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली होती. अशी चूक करायला चांगलं शिकलेलं असावं लागतं. आता माणूस बदलावा, तर नवी लय उचलायला अनुग्रंथीला काही महिने लागणार होते.

त्या बाहेर गेल्या. व्हरांड्यात चटईवर भारतीबाई ताठ बसल्या होत्या. डोळे मिटलेले, चेहरा निवांत. तात्या येरझाऱ्या घालत होते.

"सामायिकाला बसलीया," ते हळूच म्हणाले. "पोरीसाठी. सकाळधरनं तिसऱ्यांदा."

सुख आणि दुःख, जगणं आणि मरणं सारखंच मानून मन स्थिर करायचं, ते जैनांचं सामायिक. इरावतींनी आयुष्यात कुणाची प्रार्थना मोडली नव्हती. त्यांनी भारतीबाईंच्या खांद्याला हात लावला.

"भारतीताई, उठा. हे थांबवा."

"का वो मॅडम? आता एवढंच तर हातात हाय."

इरावतींनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भारतीबाईंचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे मी शांत झाले की तिचं कमी व्हतंय?"

"हो."

"आणि मी तिच्यासाठी नवकार म्हणत बसले व्हते." त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "मग करू तरी काय मी?"

"काही करू नका. मनाला आवरू नका, एवढंच."

"पोरगी वाचंल ना?"

'आता वाचेल' हे शब्द इरावतींच्या अगदी ओठांवर आले होते. पण धीर मिळाला की ही बाई पुन्हा सावरेल, आणि ती सावरली की आत पोरगी दगावेल. त्यांनी शब्द गिळले.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

भारतीबाईंनी जन्मभर सांभाळलेला तोल तिथेच सुटला. त्या ऊर बडवून रडू लागल्या. तात्या धावले, तसा इरावतींनी त्यांचा हात धरला.

"त्यांना समजावू नका, तात्या. हात जोडते."

संध्याकाळपर्यंत रक्तदाब सावरला. पद्मजाने डोळे उघडले. बाहेरचा हुंदका तिला ऐकू आला असावा.

"आई रडतीया का? तिला सांगा मी बरी हाय. लई काळजी करती ती."

सामंत हसून दाराकडे निघाले.

"थांबा," इरावती म्हणाल्या. "ताप अजून तेवढाच आहे. दोन-तीन दिवस तरी हे असंच चालू राहायला हवं."

सामंतांना समजायला क्षणभर लागला. मग ते खुर्चीत बसले आणि पद्मजाकडे पाहायचं टाळू लागले.

इरावतीच बाहेर गेल्या. त्यांना पाहून भारतीबाई भिंतीला धरून उठल्या. डोळे सुजलेले, केस सुटलेले. गेल्या दोन वर्षांत त्यांना अशा अवस्थेत कुणी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, डोळं उघडलं का वो तिनं?"

"नाही," इरावती म्हणाल्या.

भारतीबाई मटकन खाली बसल्या. त्यांना उठवायला इरावती वाकल्या नाहीत.