माळ्यावर सोडलेला पाईप

मेणबत्ती जरा मधे ठेव, डार्सी. अशी हनुवटीखाली धरून बसलास तर भुताची गरजच पडणार नाही.

आणि शॉना, तू तो मोबाईल खाली ठेव. अख्ख्या गावाची वीज गेलीय, तुझी कोण वाट बघतोय?

सांगते. पण मधे हसायचं नाही. मला कशाचंही हसू येतं हे तुमच्या आईला ठाऊक आहे, माझ्या लग्नात मी पाद्र्यासमोर खिदळले होते. या गोष्टीचं मात्र अजून आलेलं नाही.

अँब्रोज काका. गावाच्या टोकाला, खडकावरचं हिरव्या दाराचं घर. चार वर्षं झाली. तेव्हा मी लेनर्डबरोबर घरोघर बाथरूमचे पंखे बसवत फिरायचे. वाफ बाहेर फेकायचे पंखे. लेनर्ड साठीचा, पण छपरावर बोकडासारखा चढायचा. माळ्यावरचं काम माझं, कारण तेव्हा मी माळ्याच्या झडपेतून जात होते. आता पण जाते. श्वास सोडून, देवाचं नाव घेऊन.

काम सोपं असतं. छताला पंखा, पंख्याला पाईप, पाईप माळ्यातून वर छपराबाहेर. वर एक टोपी. बस. पण आपल्याकडचा गडी सगळं स्वतः करतो आणि छपराला भोक पाडायची वेळ आली की हात आखडतो. "आत्ता नको, वादळ येतंय. उन्हाळ्यात बघू." मग पाईपचं तोंड माळ्यावरच सोडून देतो, थंडी अडवायला अंथरलेल्या त्या काचेच्या कापसावर. आणि तो उन्हाळा काही उगवत नाही.

अँब्रोज काकांचा अकरा वर्षं उगवला नाही.

मार्सेला काकू खेकड्यांच्या कारखान्यात होती. दिवसभर उकळत्या वाफेत उभी. घरी आली की तासभर गरम पाण्यात पडून राहायची. "अंगातला खेकडा निघेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही," म्हणायची. तिच्या त्या हौसेसाठी काकांनी पंखा बसवला. आणि पाईप माळ्यावर सोडला.

पुढे तिला दम्यानं धरलं. वाढत गेला. ऑक्टोबरात ती गेली.

डॉक्टर म्हणाले, कारखान्यातली वाफ छातीत बसली. पण तिला पुरून आल्यावर काका कशासाठी तरी माळ्यावर चढले... आणि बघतात तर बाथरूमच्या वरच्या फळ्या काळ्याकुट्ट. बुरशी. काजळी फासल्यासारखी. त्यानंतर त्या बाथरूममध्ये पाऊल नाही. आंघोळीला भावाकडे जायचे, टॉवेल काखेत मारून.

सहा जानेवारीला त्यांनी आम्हाला बोलावलं. जुन्या पंचांगातल्या नाताळचा दिवस. साडेचारलाच काळोख झाला होता, ईशान्येचा वारा सुटला होता आणि लेनर्ड घाई करत होता. "बर्निस, आज भोक पडलं नाही तर हा अँब्रोज परत उन्हाळ्याची वाट बघत बसेल."

आमची एक पद्धत होती. लेनर्ड छपरावर जाऊन बसायचा. मी माळ्यावरून फळीवर तीन ठोके मारायचे, म्हणजे मी खाली जागेवर आहे. तो वरून तीन मारायचा. मग मी खालून लांब खिळा ठोकायचा. त्याचं टोक वर निघालं की तो त्याच्याभोवती करवत चालवायचा.

दुपारी मी एकदा वर जाऊन माप घेऊन आले होते. छपरातून आत निघालेल्या खिळ्या खिळ्यावर बर्फ धरला होता. लेनर्ड शिडीवरून छपरावर गेला आणि मी परत माळ्यावर चढणार, तेवढ्यात काका स्वयंपाकघरातून म्हणाले, "पोरी, चहा तरी घेऊन जा."

घेतला. डब्याच्या दुधाचा, दाट. हातोडी टेबलावर ठेवली.

काका समोर बसले. म्हणाले, "तू वर जाऊन आलीस ना?"

"आले."

"फळ्या बघितल्यास?"

"काका, डॉक्टरांनी सांगितलंय ना, कारखान्यातली..."

"डॉक्टर माझ्या माळ्यावर चढले नव्हते. तू चढलीस." त्यांचे हात कपाला धरून होते, पण कप उचलत नव्हते. "खरं सांग. मी मारलं का तिला?"

काय सांगणार? मला बडबडीचं बक्षीस मिळेल एवढी मी बोलते. तेव्हा नुसता चहा ढवळत बसले.

आणि वर ठोके पडले.

ठक. ठक. ठक.

"लेनर्ड वैतागला," मी म्हटलं. "जाते."

काका वर बघत होते. "हे छपरावरून नाही आलं."

मग छपरावरून आले. तीन. लांबून, जड. लेनर्डचे.

मी उठले नाही. कारण पहिले ठोके मग कुणाचे...

आता वर कुणीतरी खिळा ठोकत होतं. हळूहळू. एक ठोका... थांबायचं, दम घ्यायचा... एक ठोका. दमेकरी माणसानं ठोकावा तसा.

काकांनी कप सोडला.

मी टेबलाकडे बघितलं. हातोडी कपाशेजारी होती.

मग ठोकणं थांबलं. वर करवत सुरू झाली.

मी पळत पॅसेजमध्ये गेले. माळ्याची झडप बंद. शिडी घडी घालून भिंतीला टेकवलेली, मी ठेवली होती तशी.

लेनर्ड बर्फानं पांढरा होऊन आत आला. "उशीर केलास पण जागा चोख धरलीस. दोन ठोक्यांच्या मधे झोपत होतीस का गं?" मी नुसती हातोडी दाखवली. त्यानं ती बघितली, माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. आणि खुर्चीत बसला.

वर आम्ही दोघं मिळून गेलो. एकटी मी गेलेच नसते. भोक अगदी पंख्याच्या डोक्यावर. कापसावर दुपारची माझी पावलं होती. दुसरं एकही नाही.

पाईप छपराच्या टोपीला जोडला. सांध्यावर पट्टी आवळली. पंखा सुरू करून जाळीला कागद लावून बघितला. धरला. पंखा ओढत होता.

काका बाथरूमच्या दारात उभे होते. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. म्हणाले, "आता वाफ कुठं जाते?"

"बाहेर, काका. समुद्रावर."

"आणि वर जी होती ती?"

लेनर्ड हत्यारं गोळा करायला लागला. मीच म्हटलं, "तीही जाईल हळूहळू."

मी त्यांना धीर द्यायला बोलले होते. त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, काय बोलून बसले.

फेब्रुवारीत मी पाव घेऊन गेले. काका बाथरूममधून बाहेर येत होते, गरम पाण्यानं लालबुंद. मला बरं वाटलं. बाहेर येऊन छपराकडे बघितलं. टोपीतून वाफ येत नव्हती. एक धागासुद्धा नाही.

परत आत गेले. "काका, पाईप काढलात?"

"काढला."

"अहो, पण फळ्या... अकरा वर्षं..."

"ती वर आहे, बर्निस. केवढी थंडी असते वर. मी रोज तासभर पाणी गरम ठेवतो. तेवढीच ऊब जाते तिच्यापर्यंत." आणि मग हळू आवाजात, चहाडी सांगावी तसं, "पण मी रोज काढतो, आणि रोज सकाळी जोडलेला असतो."

"कोण जोडतं?"

"मी पट्टी समुद्रात फेकून दिली. तरी जोडलेला असतो."

मी म्हटलं, झोपेत तुम्हीच चढत असाल. सत्तरीत लोक झोपेत काय काय करतात, माझी सासू झोपेत केक करायची. ते हसले. हसता हसता खोकला आला. तो खोकला मी ओळखत होते. काकूचा होता.

मार्चमध्ये त्यांना शहरातल्या हॉस्पिटलात ठेवलं. छातीत पाणी. मी भेटायला गेले तर मनगट धरलं. "निघताना पाईप काढून आलोय. घराला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडे. नऊ दिवस झाले. जाऊन बघ."

"बघते."

"सुटलेला असेल तर तसाच राहू दे. म्हणजे तिला ऊब हवीय, ती राहतेय."

"आणि जोडलेला असेल तर?"

त्यांनी माझं मनगट सोडलं. खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "तर मला सांगू नकोस."

चोवीस मार्च, संध्याकाळचे सात. नवा बर्फ गुडघाभर, अंगणात एक पाऊल नाही. कुलूप मी उघडलं. चूल थंड. घर थंड. शिडी लावली. टॉर्च दातात धरला.

झडप ढकलली.

पाईप जोडलेला होता.

पट्टी नव्हती. तिच्या जागी लोकर होती. करडी लोकर. सांध्याभोवती गुंडाळलेली, घट्ट, वेढ्याशेजारी वेढा. शंभर तरी वेढे असतील...

मी हात लावला.

ओली होती. कोमट.

कशी उतरले आठवत नाही. खाली, चुलीशेजारी काकूची टोपली आहे. तिचं शेवटचं विणकाम, काकांसाठी करडे हातमोजे. ती गेली तेव्हा एक पुरा होता, दुसरा अंगठ्यापर्यंत आलेला, सुयांवरच. काका कुणाला हात लावू देत नसत.

आता पुरा हातमोजा तेवढा होता. सुया रिकाम्या होत्या.

मी तो एक हातमोजा खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेऊन त्यांच्या पांघरुणावर ठेवला. बाकी काही बोलले नाही. सांगू नकोस म्हणाले होते ना.

त्यांनी तो डाव्या हातात घातला. मूठ मिटली, उघडली. कितीतरी वेळ. मग तोंड भिंतीकडे केलं, आणि खांदे हलायला लागले.

दुसरा कुठं आहे, विचारलं नाही.

मे महिन्यात घरी आले. पाईपला परत हात लावला नाही. खोकला गेला. आंघोळ पाच मिनिटांत उरकतात आता.

मी दर जानेवारीत चढून तपासून येते. बुरशी नाही. खिळ्यांवर बर्फ नाही. फळ्या कोरड्या ठणठणीत.

लोकर तेवढी ओली असते.